पाण्यातली माणसं आणि पेस्टलचे खडू

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी.

पाण्यातली माणसं रंगवायची म्हटलं की आपल्याकडे बहुतेक जण जलरंग काढतात. मी सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे कोरड्या भुकटीच्या रंगीत खडूंनी, काम करते आणि हाच विषय धरून बसले आहे. पोळ्याला नदीत बैल धुणारी माणसं, बंधाऱ्यावरून मुटके मारणारी पोरं, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर डुबकी घेणाऱ्या बाया. खडू हातात धरणारे आणि न धरणारे, दोघांशीही याबद्दल बोलायचंय, म्हणून हा धागा.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. अशी चित्रं फसतात ती पाण्याच्या रेषेवर. वरचं अंग छान उतरलेलं असतं, पाणीही बरं असतं, पण माणूस पाण्यात नसतो, पाण्यापुढे उभा असतो. कारण आपण अंग आधी पूर्ण करतो आणि उरलेल्या जागेत पाणी भरतो. माझ्या मते अंग आणि पाणी एकाच वेळी, एकाच खडूने सुरू करायला हवं. बुडालेलं अंग हे अंगाचं कमी आणि पाण्याचं जास्त असतं.

प्रत्यक्षात असं करते. कागद पांढरा घेत नाही, मातकट किंवा गडद राखाडी घेते. श्रावणातली तापी रंगवायची असेल तर पहिला खडू गडद तपकिरी. त्याने त्वचेवरची सावलीही मारायची आणि पाण्यातली गडद जागाही. मग गेरूकडे झुकणारा मधला रंग, तोही दोन्हीकडे. इथपर्यंत बाह्यरेषा नाहीच, नुसते आडवे-उभे पट्टे. चेहरा, हात, दागिने सगळं नंतर.

बुडालेल्या भागाची खरी गंमत कागदाच्या दाण्यात आहे. आधी तिथे त्वचेचा रंग लावा, वरच्या अंगापेक्षा एक पायरी गडद आणि थोडा मळकट. मग पाण्याच्या रंगाचा खडू आडवा धरून, वजन न देता, वरून ओढा. रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसतो आणि खळग्यांतून खालची त्वचा दिसत राहते. बोटाने घासू नका. घासलं की दोन्ही रंगांचा चिखल होतो आणि पाण्याची पारदर्शकता जाते.

आणि जिथे अंग पाण्यात शिरतं तिथे रेषा ओढू नका. नीट बघा. पाणी त्वचेला धरून किंचित वर चढलेलं असतं, तिथे बारीक उजळ कड असते, तिच्याखाली लगेच एक गडद कड. ही जोडी अंगाभोवती सलग नसते. पोटापाशी स्पष्ट, कुशीकडे तुटक, पाठीमागे गायब. ती जिथे तुटते तिथेच माणूस पाण्यात जातो.

तुम्ही कोणता कागद वापरता, संदर्भ कसे घेता, शाळेतल्या मुलांकडून असं काम करून घेता का, सगळं लिहा.

---

पांझरेचा_पोर

भारी शे ताई. मन्हं गाव पांझराकाठवर शे. आमच्याकडे फडाच्या (गावाच्या सामाईक सिंचनाच्या) बंधाऱ्यात पाणी अडलं की सगळी पोरं तिथेच पडीक. तुम्ही तापीचं तपकिरी पाणी सांगितलं, आमचं पाणी हिवाळ्यात हिरवं असतं आणि काठाजवळ तळ दिसतो. त्याला काय करायचं? मी ऑइल पेस्टल वापरतो, तालुक्याला तेच मिळतात.

---

भुसावळचा_जलरंगी

धागा आवडला, पण मूळ निवडीबद्दल माझा आक्षेप आहे. पाणी म्हणजे पारदर्शकता. पेस्टल म्हणजे रंगद्रव्याची भुकटी, नावापुरता डिंक आणि खडूची भर. माध्यमच अपारदर्शक. जलरंगात कागदाचा पांढरा आतून उजेड देतो, एक ओला थर टाकला की पाणी झालं. ज्या गोष्टीसाठी तुम्ही दाणा, आडवा खडू, न घासणं एवढी कसरत करता, ती तिथे आपोआप होते. मग पेस्टल कशासाठी?

---

गिरणाकाठ

@भुसावळचा_जलरंगी, प्रश्न रास्त आहे दादा. उत्तर दोन भागांत देते.

पहिलं, आपलं पाणी पारदर्शक असतं कुठे? जून ते सप्टेंबर तापी आणि गिरणा गाळ घेऊन वाहतात. हात बुडवला तर वीतभर खाली बोटं दिसत नाहीत. ते पाणी स्वतःच भुकटी मिसळलेलं आहे आणि त्याचा जडपणा मला खडूत सापडतो. जलरंगात गढूळ पाणी रंगवताना रंग मळवायला भीती वाटते, पेस्टलमध्ये ती भीती नाही.

दुसरं म्हणजे अंग. ओल्या त्वचेवरचा उजेड शेवटी लावता येणं ही फार मोठी सोय आहे. जलरंगात तो कागदाचा पांढरा आधीपासून राखून ठेवावा लागतो. पेस्टलमध्ये अंधाराकडून उजेडाकडे जाता येतं. खांद्यावरचा चमकणारा ठिपका मी सगळ्यात शेवटी ठेवते. मऊ खडूचं टोक एकदाच दाबायचं आणि उचलायचं. पुन्हा हात लावायचा नाही. तो टिकलीसारखा कागदावर उभा राहतो, इतका की बोट फिरवलं तर जाडी लागते.

शिवाय पेस्टलला आंघोळीचा मोठा वारसा आहे. फ्रेंच चित्रकार डेगासने न्हाणाऱ्या बायकांची जी चित्रं केली त्यांतली बरीचशी पेस्टलमध्ये आहेत. १८८६ च्या शेवटच्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात त्याने ती मालिकाच मांडली होती. त्यातलं ‘टब’ आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. तिथे पाणी जेमतेम दिसतं, पण अंग ओलं आहे हे कळतं. तो थरावर थर देताना मध्ये फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा फवारा) मारून पुन्हा काम करायचा, त्यामुळे खालचा रंग वरच्यात मिसळत नसे. माझी आडव्या खडूची सवय तिथूनच आलीय.

@पांझरेचा_पोर, हिरव्या पाण्याचं सविस्तर लिहिते, पण तळ दिसण्या-न दिसण्याचं कारण इथल्या एखाद्या विज्ञानवाल्याने सांगितलं तर बरं होईल.

---

यावलचे_मास्तर

सांगतो. भौतिकशास्त्र शिकवतो, चित्रकलेत फक्त बघणारा.

पाण्यावर प्रकाश पडला की थोडा परावर्तित होतो, बाकी आत जातो. किती परावर्तित होणार हे कोनावर ठरतं. सरळ वरून खाली बघितलं तर सुमारे २ टक्केच परततो. म्हणून पुलावरून खाली बघताना पाय, दगड, मासे दिसतात. दृष्टी उभ्या रेषेपासून ६० अंश तिरकी झाली तरी ६ टक्क्यांच्या आसपास. पण ८० अंशांना ते एक तृतीयांशाच्या वर जातं आणि ८५ ला निम्म्याहून जास्त. काठावर उकिडवं बसून लांबच्या पोराकडे बघाल तर तुम्हाला पाणी दिसतच नाही, पाण्यावरचं आकाश दिसतं. एकाच चित्रात खालच्या कडेला तळ आणि वरच्या कडेला आकाश येणार ते यामुळे. चित्रकाराने आपला डोळा कुठे आहे हे आधी ठरवलं पाहिजे. अंगाभोवतीच्या तरंगांची वर्तुळं किती चपटी काढायची तेही त्यावरच.

दुसरी गोष्ट खोलीची. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, १.३३. वरून बघितलं तर वस्तू तीन चतुर्थांश खोलीवर असल्यासारखी दिसते. एक मीटर खाली असलेलं पाऊल पाऊण मीटरवर दिसतं आणि नजर जितकी तिरकी तितकं आणखी वर. पण जाडी कमी होत नाही. म्हणून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या पोराच्या मांड्या आखूड आणि गुबगुबीत दिसतात. वरच्या अंगाच्या मापाने खालचे पाय मोजून काढले तर डोळ्याला खोटं वाटतं.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. स्वच्छ पाण्यात बुडालेलं अंग सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतं? त्या माणसाच्या स्वतःच्या प्रतिबिंबात. तिथे आकाशाची चकाकी अडलेली असते, प्रतिबिंब गडद असतं, आणि त्या गडद भागातून आत बघता येतं. बाजूला आकाश आलं की आतलं झाकलं जातं.

---

गिरणाकाठ

मास्तर, तुमचा तिसरा मुद्दा मी डोळ्यांनी रोज बघत होते आणि कारण माहीत नव्हतं. मनापासून आभार. यातून रंगाची मांडणीच मिळते. पाय रंगवायचे ते प्रतिबिंबाच्या आकारात, आणि तो आकार संपला की वरून आकाशाचा फिका खडू ओढून पाय मिटवायचे.

@पांझरेचा_पोर, आता हिरव्या पाण्याचं. गडद ऑलिव्ह आणि तपकिरी यांच्यापासून सुरू कर. पेटीतला पोपटी हिरवा बाजूला ठेव, त्याने पाणी प्लास्टिकचं दिसतं. हिरव्याच्या शेजारी त्वचेची सावली थोडी तांबूस-जांभळी घे. आपली त्वचा उन्हात भाजलेल्या विटेच्या रंगाची असते, सावलीत तिच्यात निळसर जांभळा येतो. पेटीत ‘स्किन’ म्हणून जो गुलाबी खडू येतो तो खानदेशातल्या एकाही पोराच्या अंगाचा नाही.

आणि पाण्याकडून वर येणारा उजेड विसरू नकोस. हनुवटीखाली, काखेजवळ, दंडाच्या खालच्या बाजूला पाण्याचा रंग उमटतो. पांझरेत तो हिरवट, श्रावणातल्या तापीत पिवळट. एवढा एक फटका दिला की डोकं आणि पाणी एका जागी येतात.

---

कलाशिक्षिका_धुळे

ऑइल पेस्टलवाल्यांसाठी लिहिते, कारण माझे सगळे विद्यार्थी तेच वापरतात. इलेमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्र असतं, त्यात नदी, तलाव, पोहणं असे प्रसंग मुलं हौसेने निवडतात.

ऑइल पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, मेण आणि न वाळणारं तेल. सॉफ्ट पेस्टलसारखा थरावर कोरडा थर इथे बसत नाही, दोन-तीन थरांनंतर खडू घसरायला लागतो. पण पाण्यासाठी यात एक सुंदर सोय आहे. जिथे चकाकी हवी तिथे आधी पांढऱ्या ऑइल पेस्टलने दाबून रेघा आणि ठिपके काढायचे. मग त्यावरून जलरंगाचा ओला थर. मेणावर पाणी ठरत नाही, चकाकी आपोआप उघडी राहते. सातवीतल्या मुलालाही हे एका तासात जमतं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरं म्हणजे खरवडणं. ओल्या केसांच्या बटा काढताना खाली तपकिरी, वर काळा लावायचा आणि टूथपिकने खरवडायचं. ओले केस एकेक सुटे नसतात, जाड बटा होतात आणि बटांच्या मधून कवटीचा आकार दिसतो. मुलं कोरडेच केस काढतात, म्हणून पोरगा पाण्यात असूनही टोपी घातल्यासारखा वाटतो. [संपादन: ‘टोपी घातल्यासारखा’ हे माझं नाही, एका आठवीतल्या मुलीचं निरीक्षण आहे.]

उन्हाळ्यात मात्र जपा. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, खिडकीत राहिलेली पेटी मऊ पडून खडू एकमेकांना चिकटतात. माठाजवळच्या गार जागेत ठेवा.

---

शहाद्याची_लेक

मी फक्त घोडे काढते! सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या जत्रेत घोडे येतात, तापी शेजारीच. तिथे पाण्यावर नेलेला घोडा आणि त्याच्या अंगाला टेकलेला माणूस, हे माझं सगळ्यात लाडकं चित्र.

घोड्याच्या निमित्ताने एक मुद्दा. ओलं आणि कोरडं यांची सीमा पाण्याच्या रेषेवर नसते, तिच्या वर असते. घोडा पोटापर्यंत पाण्यात जाऊन आला की पोटापासून चार बोटं वरपर्यंत अंग ओलं, म्हणजे गडद आणि चकचकीत. त्याच्यावर कोरडी, मऊ, धुरकट लव. एका अंगावर दोन कागद असल्यासारखे दोन पोत. ओल्या भागाला कडक खडू, उजेडाला ठसठशीत कड. कोरड्या भागाला मऊ खडू, बोटाने थोडं घासलं तरी चालतं. माणसालाही तेच लागू आहे. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचं धोतर मांडीपर्यंत भिजलेलं असतं.

भिजलेला पांढरा कपडा पांढरा रंगवू नका. कापसाच्या धाग्यांमधली हवा जाऊन पाणी बसलं की कपडा प्रकाश परत फेकायचं कमी करतो, आतली त्वचा दिसायला लागते. त्याचा रंग उबदार राखाडी येतो. खांद्यावर कोरडा राहिलेला पदर तेवढा पांढरा. त्या दोन पांढऱ्यांतला फरक जमला की बाकी काही नाही जमलं तरी चित्र ओलं वाटतं.

---

तापीपार

चित्रं, रंग सगळं ठीक. पण एक विचारतो, राग मानू नका. संगमावर, प्रकाशा गावच्या घाटावर आंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो काढून त्यावरून चित्र करणं बरोबर आहे का? त्या तिथे देवासाठी आलेल्या असतात. आमच्या घरातल्या बायका जातात तिथे. मोबाइल घेऊन उभे राहणारे बघितले की अंगाचा तिळपापड होतो.

---

गिरणाकाठ

@तापीपार, राग कशाचा? हा प्रश्न यायलाच हवा होता.

मी घाटावर फोटो काढत नाही. बायांचे तर नाहीच, लहान मुलांचेही त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. घाटावर मी छोट्या वहीत रेखाटन करते. एका रेखाटनात कुणाचा चेहरा ओळखू येत नाही, वाकण्याची, पदर सावरण्याची, नाक धरून बुडी घेण्याची तेवढी ढब येते. उघड बसून काढते. बाया येऊन बघतात, हसतात, एखादी म्हणते माझं नको काढू, मग ते पान तिच्यासमोर फाडते. चेहऱ्यासाठी आणि ओल्या त्वचेसाठी घरच्या माणसांना बसवते. माझी भाची वाड्यातल्या हौदात गळ्यापर्यंत बसून राहते, तिला त्या बदल्यात आइस्क्रीम लागतं.

आणि खरं सांगू, फोटोपेक्षा हे बरं उतरतं. फोटोत पाणी गोठलेलं असतं. उडणारा प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा टणक दिसतो. डोळ्याला तसं कधीच दिसत नाही.

---

तापीपार

पटलं ताई. असं असेल तर काही म्हणणं नाही. आमच्या आत्याला दाखवतो तुमचं लिहिलेलं.

---

शहाद्याची_लेक

मी घोड्यांचेसुद्धा मालकाला विचारूनच काढते. जातिवंत घोड्याचा फोटो काढलेला काहींना चालत नाही, दृष्ट लागते म्हणतात. त्यांच्या मताचा मान ठेवायला आपलं काय जातं?

---

चाळीसगावकर

कागदाबद्दल कुणी बोललंच नाही. आयात केलेले वाळूचे पेस्टल कागद महाग पडतात आणि एका संकेतस्थळावरून मागवलेले मला कोपरे दुमडून आले. सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातला काळा वॉटरप्रूफ पॉलिश पेपर घ्या, ४०० नंबर किंवा त्याहून बारीक. दाणा उत्तम, खडू घट्ट धरतो, आणि काळ्या पार्श्वभूमीवर विहिरीचं पाणी तर अर्धं आधीच तयार असतं. मात्र विकायच्या किंवा जपायच्या चित्राला तो नको. त्याची पाठ टिकाऊ, आम्लमुक्त कागदाची नसते. त्यासाठी जाड जलरंगाच्या कागदावर ॲक्रिलिक जेसोमध्ये (कागदावर आधी द्यायच्या पांढऱ्या अस्तरात) प्युमिस दगडाची बारीक पावडर मिसळून रुंद ब्रशने दोन हात मारा. दुसरा हात पहिल्याला काटकोनात. वाळला की तुमचा स्वतःचा दाणेदार कागद तयार. जेसोतच थोडा गेरू रंग घातला तर तापीचं पाणीही मिळालं.

विहिरीवरून आठवलं. विहिरीत पोहणारी पोरं कुणी काढतं का? वरून बघितलं की सगळं शरीर आखडलेलं, डोकं मोठं, पाय लांब कुठेतरी हिरव्या काळोखात. पाठीला बांधलेला डबा पिवळाधमक. उजेड फक्त वरून गोल पडतो, दुपारी तासभर. उजेड आणि सावली समजून घ्यायची तर आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे, तिथे एकदा जाऊन या. १९८९ मध्ये ते गेले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी छायाचित्रांत अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. पाण्याचा भास पाण्याशिवाय होतो हे तिथे कळतं.

---

भुसावळचा_जलरंगी

विहीर! हे मात्र जलरंगात मला कधीच जमणार नाही. एवढा काळोख जलरंगात मेलेला दिसतो. इथे पेस्टलला मान देतो.

एक भर घालतो. ज्यांना पेस्टलची सुरुवात जड जाते त्यांनी खडूचा पहिला थर लावून त्यावर ओला ब्रश फिरवावा. जेसोचा कागद असेल तर पाणी सोसतो. रंग वितळून जलरंगासारखा पसरतो, ओघळतो. वाळू द्यावा आणि वर कोरडे खडू. ओघळ उभे येऊ दिले तर प्रतिबिंबांची सुरुवात आपोआप होते. मी काल करून बघितलं, मजा आली.

---

यावलचे_मास्तर

प्रतिबिंबाचा विषय निघालाच आहे तर. प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं करून चिकटवणं नव्हे. पाण्याखाली तितक्याच अंतरावर डोळा ठेवला असता तर जे दिसलं असतं ते प्रतिबिंबात दिसतं. म्हणजे माणसाची हनुवटीची खालची बाजू, काखा, वाकलेल्या बाईच्या हातातल्या तांब्याचा तळ. वर तांब्याचं तोंड दिसतं, खाली तळ. आणि गढूळ पाण्यात काळ्या वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ येतं कारण गाळ स्वतः प्रकाश विखुरतो. पांढऱ्या वस्तूचं थोडं मंद, कारण सगळा प्रकाश परत येत नाही.

सावलीचंही वेगळं आहे. गढूळ पाण्याच्या पृष्ठभागावर सावली दिसते. स्वच्छ पाण्यात ती तळावर पडते, माणसापासून सरकलेली. उथळ स्वच्छ पाण्यात तळावर जी उजेडाची हलती जाळी दिसते ती लाटांच्या भिंगांमुळे. ती बुडालेल्या अंगावरही पडते, पण पाण्याबाहेरच्या अंगावर तशी पडत नाही. ही जाळी तापीच्या पुरात काढू नका, तिथे ती असूच शकत नाही.

तळ बघायचाच असेल तर पोलराइज्ड गॉगल डोळ्यांना लावा आणि डोकं सरळ ठेवा, बाजूला कलतं करू नका. चकाकी कमी होते आणि आतलं दिसायला लागतं. उभ्या रेषेपासून ५३ अंशांच्या आसपासच्या नजरेला हा परिणाम सगळ्यात जास्त.

---

चोपड्याहून

अडावदजवळचं आमचं उनपदेव कुणी काढलंय का? गरम पाण्याचा झरा, पाणी कुंडात पडतं. थंडीत सकाळी गेलं की वाफ असते आणि त्यात म्हातारी माणसं गुडघे शेकत बसलेली. पेस्टलने वाफ कशी काढायची ते सांगा. मी पांढरा खडू घासला की धूर दिसतो, वाफ नाही.

---

गिरणाकाठ

उनपदेव! यंदाच्या थंडीत मी येणारच आहे तिथे.

वाफ पांढऱ्याने काढायची नसते. मागे काय आहे त्याचा रंग दोन पायऱ्या फिका आणि थोडा गार करायचा. मागे काळा दगड असेल तर वाफ निळसर राखाडी, मागे उन्हातलं झाड असेल तर वाफ पिवळट. पांढरा वापरायचा तो फक्त जिथे ऊन थेट वाफेवर पडतं तिथे, तोही मोडका तुकडा आडवा धरून. वाफेची खरी ओळख कडांत आहे. ज्या गुडघ्याची कड वाफेआड जाते ती तळहाताच्या कडेने एकदाच पुसा आणि दुसऱ्या गुडघ्याची कड ठसठशीत ठेवा. सगळीच कड पुसली तर धुकं होतं. डेगास पेस्टलवर उकळत्या पाण्याची वाफ सोडून भुकटी मऊ करायचा अशी नोंद आहे. मी करून बघितलं, जेसोच्या कागदावर खडूची लेई होते आणि कडक ब्रशने ती हलवता येते. वाफेचं चित्र वाफेने, छान वाटतं.

म्हातारी माणसं काढताना आणखी एक. गरम पाण्यातून वर आलेली त्वचा लालसर असते, गार नदीतून आलेली निळसर फिकट. गुडघे, कोपरं, बोटांची टोकं यांवर हा फरक पहिला दिसतो.

---

कलाशिक्षिका_धुळे

ओल्या त्वचेसाठी मी मुलांना स्पॅनिश चित्रकार सोरोयाचं समुद्रकाठी पालथ्या पडलेल्या तीन पोरांचं चित्र दाखवते. १९०९ चं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. तैलरंग आहे, पण पाठीवरचा उजेड बघा. आणि आपल्या शेजारच्या अजिंठ्यात १७ व्या लेण्यात छद्दंत हत्तीची कथा आहे, कमळांच्या तळ्यात हत्ती. तिथे पाणी कळतं ते कमळांमुळे. एकाने उजेड रंगवला, दुसऱ्याने पाण्यात काय काय आहे ते रंगवलं. जळगावच्या मुलांना दोन्ही दाखवायला हवं, दुसरं तर बसने जाऊन बघता येतं.

---

पांझरेचा_पोर

मी रविवारी बंधाऱ्यावर काढलं. चुलतभाऊ उभा राहिला पाण्यात, मी वर भिंतीवर. मास्तरांनी सांगितलं तसं पाय आखूड काढले, गुबगुबीत. त्याला दाखवलं तर म्हणे हे माझे पाय नाहीत. मग तो भिंतीवर आला आणि मी पाण्यात उतरलो. बघितल्यावर म्हणाला, हां, तुझे पण तसेच दिसतात!

एक अडचण. सगळे खडू हिरवे-तपकिरी झालेत, कोणता कोणता तेच कळत नाही. आणि चित्र घरात कसं लावू? धुळीचा त्रास आहे आमच्याकडे. मित्राकडचे सॉफ्ट पेस्टल आणलेत आता.

---

चाळीसगावकर

सॉफ्ट पेस्टलला काच लागतेच. चित्र आणि काच यांच्यात माउंट किंवा पट्टी घालून फट ठेवा, चित्र काचेला टेकता कामा नये. ॲक्रिलिकची शीट लावू नका, घर्षणाने तिच्यात स्थिर विद्युत येते आणि ती भुकटी ओढून घेते. काच लावायच्या आधी चित्र उभं धरून पाठीवर टिचक्या मारा, सुटी भुकटी गळू द्या. फुंकू मात्र नका, ती नाकात जाते. काही रंगद्रव्यं श्वासात गेलेली चांगली नाहीत. फिक्सेटिव्ह गच्चीवर मारा, घरात नको, आणि पातळ मारा. जाड मारलं की उजळ रंग काळवंडतात. ओल्या भिंतीवर चित्र लावू नका, पावसाळ्यात बुरशी धरते.

---

गिरणाकाठ

@पांझरेचा_पोर, चित्र इथे टाक, सगळ्यांना बघू दे.

सॉफ्ट पेस्टलचे मळके खडू एका डब्यात कोरड्या तांदळात टाकायचे, झाकण लावून हळू हलवायचं. तांदूळ मळतो, खडू उजळ निघतात. तो तांदूळ परत स्वयंपाकात किंवा कोंबड्यांना नको, वेगळा ठेव, पुढच्या वेळी तोच वापर. ऑइल पेस्टल असतील तर कोरड्या फडक्याने टोक पुसलं तरी पुरे. आणि बसताना डाव्या हातात एक जुनं कापड धर, प्रत्येक वेळी खडू बदलताना तो पुसूनच पेटीत ठेव. तपकिरी, हिरवे, जांभळे असे तीन वेगळे कप्पे कर.

पोळ्याच्या दिवशी मी गिरणेवर असेन. ज्यांना यायचं त्यांनी खाली लिहा. वरून धरणाचं पाणी सुटलेलं असेल तर आपण पात्रात न उतरता काठावरूनच काढू.